चुकलेल्या उत्तरांचे दप्तर

ज्याँ पियाजे हे स्वित्झर्लंडमधील प्रख्यात बालमानसशास्त्रज्ञ वयाची ८४ वर्षे पूर्ण करून १६ सप्टेंबर १९८० रोजी जिनीव्हा येथे निवर्तले, हे वर्तमान आमच्या वाड्यात मालतीबाईंनी आणले, आणि ते ज्या दिवशी आणले त्या दिवशी भाद्रपद उतरणीस लागलेला असून पागोळ्यांचे ठिबकणे नुकतेच थांबले होते. मालतीबाई आमच्या पेठेत गेली वीस-बावीस वर्षे बालवाडी चालवितात. वाड्याच्या पुढल्या सोप्यात राहणारे रावसाहेब हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात तीस वर्षे नोकरी करून, बेळगाव-धारवाडकडील शाळा तपासता तपासता केस पांढरे करून, पेन्शनीवर आलेले गृहस्थ. माझ्या मुलीस अक्षरांची गोडी लावली ती मालतीबाईंनी, आणि माझ्या पेन्शनीच्या अर्जाचा मसुदा तीन वेळा तांबड्या शाईने दुरुस्त केला तो रावसाहेबांनी. त्यामुळे उभयतांच्या वादात कोणाचीही बाजू न घेता ऐकत बसणे हाच मार्ग मजपुढे असतो. त्या दुपारी जे ऐकले ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत खाली उतरविले आहे.

मालतीबाईंनी कात्रण पुढे केले. रावसाहेबांनी चष्मा पुसला, कात्रण दोनदा वाचले आणि घडी घालून परत दिले.

रावसाहेब : बाई, मृताविषयी वावगे बोलू नये हा शिरस्ता मला मान्य आहे. परंतु या गृहस्थाच्या कारकिर्दीचा आरंभ मला ठाऊक आहे, आणि तो खात्याच्या दृष्टीने पाहता फारसा शोभादायक नाही. पॅरिसमध्ये त्याला एक काम नेमून दिले होते. इंग्लंडच्या बर्टसाहेबांनी तर्कशक्तीच्या ज्या चाचण्या रचल्या, त्या फ्रेंच मुलांना घालायच्या आणि कोणत्या वयाच्या किती मुलांना कोणता प्रश्न सुटतो याचे कोष्टक तयार करायचे. काम सरळ, साधे, उपयुक्त. या तरुणाने काय केले? कोष्टक बाजूला ठेवले आणि मुलांशी गप्पा मारीत बसला. माझ्या हाताखालच्या कारकुनाने असे केले असते तर मी त्याला कारणे दाखवा म्हणून नोटीस बजावली असती.

मालतीबाई : आपण बजावली असती यात मला शंका नाही, आणि ती नोटीस त्यांनी आपल्या पाइपच्या राखेखाली हरवून टाकली असती यातही नाही! पण रावसाहेब, त्या तरुणाच्या वरिष्ठांनी ती बजावली नाही, याचे एक गमतीचे कारण आहे. फ्रान्सात मुलांच्या बुद्धिचाचण्या रचणारे बिने तर १९११ सालीच वारले होते. त्यांचे सहकारी सिमाँ यांनी हे काम १९१९ च्या सुमारास पियाजे यांना दिले, पण ते स्वतः राहात रूआँ शहरी. हे काम जिथे चाले त्या पॅरिसच्या शाळेत दुपारच्या वेळी तेवीस-चोवीस वर्षांचा हा मनुष्य आणि मुले, एवढेच. साहेब गावाला, म्हणून एक शास्त्र जन्माला आले.

रावसाहेब : साहेब गावाला गेला की शास्त्र जन्माला येते असा नियम असता, तर आमचे खाते आजवर शास्त्रांनी भरून गेले असते. दुसरे काही कारण सांगा.

मालतीबाई : कारण सांगायचे तर मागे जावे लागेल, नूशातेल गावी, जिथे ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक, कागदपत्रांचा काटेकोर शोध घेणारे. आई बुद्धिमान आणि धर्मनिष्ठ, परंतु मनाने अस्वस्थ. घरातल्या त्या अस्वस्थतेपासून दूर, जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते अशा वस्तूंच्या अभ्यासात या मुलाने आसरा घेतला. १९०७ साली, अकरावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, एका बागेत त्याला अंगावर पांढरी पिसे असलेली चिमणी दिसली, आणि तिच्याविषयी त्याने एका निसर्गविषयक पत्रिकेत पानभर टिपण छापविले. त्या टिपणाच्या जोरावर गावच्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पॉल गोदे यांजकडे त्याने अर्ज केला, की संग्रहालय बंद झाल्यावर मला आत येऊन पाहू द्यावे. गोदे शंखशिंपल्यांचे जाणकार. आठवड्यातून दोनदा हा मुलगा त्यांच्या हाताखाली शिंपल्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला, आणि गोदे १९११ साली वारेपर्यंत गोगलगायींच्या जातिभेदांत इतका पारंगत झाला की एकवीस वर्षांचा होईतो त्याचे वीसेक निबंध प्रसिद्ध झाले होते. १९१८ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली ती मानसशास्त्रात नव्हे, तर वाले प्रांतातील मृदुकाय प्राण्यांवर.

रावसाहेब : म्हणजे गोगलगाय मोजणारा माणूस मुले मोजायला आला.

मालतीबाई : नाही, रावसाहेब! गोगलगाय *पाहणारा* माणूस मुले पाहायला आला, आणि आपला-माझा सगळा तंटा या एका क्रियापदापाशीच आहे. तळ्यातली गोगलगाय खवळलेल्या पाण्यात राहिली तर तिचे कवच आखूड होते, शांत पाण्यात राहिली तर लांबट. आता आखूड कवचाच्या गोगलगायीला नापास कोणी ठरवील काय? तिने आपल्या पाण्याशी जुळवून घेतले, एवढेच प्राणिशास्त्रज्ञ म्हणतो. हीच दृष्टी घेऊन पियाजे पॅरिसच्या शाळेत गेले, आणि मुलाचे चुकलेले उत्तर ऐकताच त्यांच्या मनात आले ते हे, की हे कवच या आकाराचे का झाले?

यावर रावसाहेब उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खाकी कापडाच्या बांधणीची, कडा झिजलेली एक जाड नोंदवही होती. ती त्यांनी उघडली नाही. मांडीवर ठेवून तिच्यावर तळहात टेकला.

रावसाहेब : आता माझे ऐका. बुद्धिमापन म्हटले की तुम्हा बालवाडीवाल्यांच्या कपाळी आठी पडते, जणू आम्ही मुलांना तराजूत घालून विकायला काढले होते. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली, ती कशासाठी? शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळ्या शिक्षणाची गरज आहे की काय हे मास्तरांच्या मर्जीवर, शेजाऱ्यांच्या कुजबुजीवर, मुलाच्या फाटक्या कपड्यांवर ठरू नये, यासाठी. १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी तीस प्रश्नांची मालिका सिद्ध केली ती दयाबुद्धीने. आमच्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी त्याच मालिकेची मुंबई-कर्नाटक आवृत्ती कानडी आणि मराठी मुलांसाठी तयार केली, आणि १९४० साली त्यांचे पुस्तक निघाले. परक्या मुलखातील मापे जशीच्या तशी आपल्या मुलांना लावणे हा अन्याय, म्हणून त्यांनी ती येथल्या मातीत घासून घेतली. त्या चाचण्या मी स्वतः मुलांना घातल्या आहेत. एका खेड्यात एक मुलगा होता; मास्तर त्याला ठोंब्या म्हणत, बापही तेच म्हणे, आणि पोराला गुरांमागे धाडण्याची तजवीज झाली होती. मी त्याला चावडीवर समोर बसवून चाचणी दिली. वयाच्या मानाने पोरगा सव्वा वर्ष पुढे निघाला. मग ध्यानात आले की त्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि वर्गात तो नेमका त्याच अंगाला बसतो! मी मुलाशी गप्पा मारल्या असत्या, तर मास्तरांनी त्याकडे लक्षही दिले नसते. मी *आकडा* दिला. सरकारी कागदावरल्या आकड्यापुढे मास्तर झुकले, बाप झुकला, पोरगा शाळेत राहिला. अधिकाऱ्यापाशी हजारो मुले असतात, बाई. प्रत्येकाच्या मनाच्या तळ्यात उतरायला त्याला सवड नसते.

मालतीबाई : आपण सांगितले त्यातील एकही अक्षर मी खोडणार नाही. बिने यांच्याविषयी मला आदर आहे, आणि तो याचसाठी, की बुद्धी हे जन्मजात ठरलेले, कमीजास्त न होणारे गाठोडे आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी स्वतः क्रूर निराशावादी म्हटले होते. पण ते गेल्यावर काय झाले? १९१२ साली स्टर्न यांनी मानसिक वयाला जन्मवयाने भागण्याची युक्ती काढली, १९१६ साली टर्मन यांनी अमेरिकेत तिचा बुद्ध्यंक करून घरोघर पोहोचविला, आणि ज्या मापाने आपल्या बहिऱ्या मुलाला शाळेत ठेवले त्याच मापाने परदेशांतून आलेल्या गरीब लोकांना मंदबुद्धी ठरविण्याचे उद्योग तिकडे झाले. ज्या बर्टसाहेबांच्या चाचण्या पियाजे यांच्या हाती दिल्या होत्या, त्यांच्या जुळ्या भावंडांच्या आकड्यांवर आज काय आक्षेप घेतले जात आहेत ते आपण वाचलेच असेल.

रावसाहेब : वाचले. ते वाचून मला दोन रात्री झोप आली नाही. आकड्याशी लबाडी करणे हे दप्तर जाळण्याइतकेच मोठे पाप आहे. परंतु खोटे नाणे निघाले म्हणून टांकसाळ बंद करीत नाहीत.

मालतीबाई : टांकसाळ चालू दे. मी एवढेच म्हणते, की नाण्याने सगळ्या वस्तू विकत घेता येत नाहीत. बर्ट यांचाच एक प्रश्न घ्या. एडिथ सुझनपेक्षा गोरी आहे. एडिथ लिलीपेक्षा सावळी आहे. तर तिघींत सर्वांत सावळी कोण?

रावसाहेब : सुझन. यात काय कठीण आहे?

मालतीबाई : कठीण आहे ते मोठ्यांना दिसत नाही. पुष्कळ मुले म्हणतात, लिली. आपल्या वहीत तिथे उणे चिन्ह पडेल आणि काम संपेल. पियाजे यांनी विचारले, 'का बरे लिली?' तेव्हा मूल सांगू लागले, की एडिथ आणि सुझन गोऱ्या, एडिथ आणि लिली सावळ्या. म्हणून लिली सर्वांत सावळी, सुझन सर्वांत गोरी, आणि एडिथ दोन्हींकडची म्हणून मधली. पाहा, केवढी रीतसर मांडणी आहे ही! मुलाने अंदाजपंचे काही ठोकलेले नाही. 'पेक्षा' या शब्दाने दोन मुलींत जे नाते जोडले जाते ते त्याला अजून उमगलेले नाही. गोरेपणा हा त्याला अंगावरल्या झग्यासारखा, ज्याचा त्याने बाळगलेला गुण वाटतो. त्या समजुतीच्या आत राहून त्याने बिनचूक हिशेब केला आहे. चुकले ते उत्तर. बुद्धी चुकली नाही. या एका दुपारच्या कुतूहलापायी पियाजे यांनी पुढली साठ वर्षे घालविली.

रावसाहेब काही वेळ बोटांवर एडिथ, सुझन आणि लिली मांडून पाहात राहिले.

रावसाहेब : ठीक. हे निरीक्षण मार्मिक आहे, मान्य. पण पुढे? १९२१ साली क्लापारेद यांनी त्यांना जिनीव्हाच्या रूसो संस्थेत बोलावून घेतले. दोन वर्षांनी लग्न झाले. मग १९२५, १९२७ आणि १९३१ साली तीन अपत्ये झाली, आणि त्या तीन अपत्यांच्या पाळण्यापाशी बसून या विद्वानाने अखिल मानवजातीच्या बुद्धीचा उगम लिहून काढला! तीन मुले, बाई. तीही एकाच घरची, स्वतःचीच, आणि आई-बाप दोघेही शिकलेले. तीन शाळा पाहून मी जिल्ह्याचा अहवाल धाडला असता तर डायरेक्टरसाहेबांनी माझी बदली कोठे केली असती?

मालतीबाई : या आक्षेपाला उत्तर नाही, आणि जिथे उत्तर नाही तिथे मी ते ओढूनताणून देणार नाही. पुढे त्यांनी आणि बेर्बेल इन्हेल्डर, आलिना शेमिन्स्का यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी शेकडो मुलांना प्रश्न विचारले हे खरे. पण पहिल्या दोन वर्षांच्या बुद्धीचे जे पुस्तक १९३६ साली आले, त्याचा सारा डोलारा या तिघांवर आहे. मात्र त्या घरात काय पाहिले गेले ते तरी ऐका. मधली मुलगी ल्यूसिएन सोळा महिन्यांची होती. वडिलांनी काड्यापेटीत घड्याळाची साखळी घातली आणि पेटी जवळजवळ मिटून तिच्या हाती दिली. बोट आत जाईना. तेव्हा ती थांबली, पेटीच्या फटीकडे टक लावून पाहू लागली, आणि तिने आपले तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आधीपेक्षा मोठे, त्याहून मोठे. आणि मग एकदम फटीत बोट घालून पेटी ओढून उघडली! बोलता न येणारे मूल विचार कशाने करील? त्याने तो आपल्या तोंडाने केला. शेकडो मुलांच्या कोष्टकात हे उघडणारे तोंड कोणत्या रकान्यात बसले असते? जवळ बसून पाहणारा बाप होता, आणि त्याच्याइतक्याच बारकाईने टिपणे ठेवणारी व्हालेन्तीन नावाची आई होती, म्हणून ते जगाला कळले.

रावसाहेब : तोंड उघडणारी मुलगी मला आवडली. परंतु तुमच्या पियाजेची एक लबाडी मी पकडली आहे, ती आता सांगतो. मापाला विरोध करणाऱ्या या गृहस्थाने शेवटी केले काय? दोन वर्षांपर्यंत हालचालीची बुद्धी; दोनापासून सातापर्यंत भाषा आली पण तर्क नाही; सातापासून अकरापर्यंत हाताने धरता येईल अशा वस्तूंपुरता तर्क; आणि अकरानंतर निराकार कल्पनांचा. ही पायऱ्यांची मोजपट्टी नव्हे तर काय? मी मुलाला म्हणतो, 'तुझे मानसिक वय सहा'. ते म्हणतात, 'तू दुसऱ्या पायरीवर'. इंचाऐवजी हात वापरला म्हणून मोजणी सुटली का?

मालतीबाई : हा घाव वर्मी बसला आहे खरा, आणि बालशिक्षणाच्या क्षेत्रातील आम्ही लोकांनी त्या पायऱ्यांचा जो उपयोग केला तो पाहता त्याची लाजही वाटते. 'मूल अजून त्या पायरीवर आलेले नाही, तेव्हा आपण थांबावे' असे म्हणून हात झटकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण पियाजे यांना वर्षांचे आकडे महत्त्वाचे नव्हते; महत्त्वाचा होता तो क्रम. कोणी चार महिने आधी येवो की दोन वर्षे उशिरा, पायरी गाळून कोणी येत नाही, एवढाच त्यांचा दावा. अमेरिकेत व्याख्यानाला गेले की त्यांना हटकून विचारीत, की या पायऱ्या लवकर चढविता येतील काय? ते त्याला 'अमेरिकन प्रश्न' असेच म्हणत. गोगलगायीला धावायला लावून काय साधणार, असा त्यांचा भाव.

रावसाहेब : आणि क्रम चढतो कोण? मूल एकटेच? जिनीव्हाच्या अभ्यासिकेत बसून हे ठीक दिसते. पण आमच्याकडे मूल आजीच्या मांडीवर कहाण्या ऐकते, थोरल्या भावाच्या मागे विटीदांडू शिकते, बाजारात बापाच्या बोटाला धरून मोड मोजते. त्याला पायरीवर हात देणारे दहा जण असतात.

मालतीबाई : आपण नकळत विगोत्स्कींच्या बाजूने बोललात! तेही १८९६ सालीच जन्मलेले, रशियातले. क्षयाने १९३४ साली अकाली गेले. मुलाची बुद्धी आधी माणसामाणसांत असते आणि मग त्याच्या एकट्यात उतरते, हा त्यांचा पियाजेंवरचा आक्षेप; आणि पियाजे यांनी त्याला छापील उत्तर दिले ते १९६२ साली, विगोत्स्कींना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाल्यावर. पण पियाजे माणसांना विसरले होते असेही नाही. १९३२ सालच्या नीतिविषयक पुस्तकासाठी ते रस्त्यावरच्या मुलांबरोबर गोट्या खेळत बसले, आणि 'हा नियम कोणी केला, तो बदलता येईल का' असे विचारीत राहिले. लहान मुले सांगत की नियम वडीलधाऱ्यांनी, किंबहुना देवानेच केलेले, ते बदलणे पाप. दहा-बारा वर्षांची मुले म्हणत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. मोठ्यांच्या धाकाने आज्ञापालन येते, न्याय येतो तो बरोबरीच्या सवंगड्यांत, हे त्यांनी गोट्यांवरून दाखविले. मला तर त्या पुस्तकात लोकशाहीचा धडा दिसतो.

रावसाहेब : आणि चुकीविषयी एवढी आस्था बाळगणारा हा मनुष्य स्वतः कधी चुकला की नाही?

मालतीबाई : चुकले, आणि ती चूकही त्यांनी शास्त्राला देऊन टाकली. दोन वर्षांचे असताना त्यांची दाई त्यांना बाबागाडीत घालून पॅरिसच्या शाँझेलिझेवर नेत होती, तेव्हा एका माणसाने मुलाला पळविण्याचा प्रयत्न केला, दाईने झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, शिपाई धावला. हे सारे त्यांना डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत असे. ते पंधरा वर्षांचे झाल्यावर त्या दाईचे पत्र आले, की तो सगळा बनाव होता. आणि बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळ तिने परत पाठविले. पाहिलेच नव्हते ते त्यांनी पाहिले होते! ऐकलेल्या गोष्टीतून आठवण कशी बांधली जाते याचे उदाहरण म्हणून त्यांनी स्वतःलाच पुढे केले.

इतक्यात रावसाहेबांची सहा वर्षांची नात शाळेतून आली, दप्तर खुंटीला अडकवून आजोबांच्या मांडीवरली वही सरकवू लागली, आणि मालतीबाईंच्या डोळ्यांत जी चमक आली तिच्यावरून आता प्रात्यक्षिक होणार हे मी ओळखले. त्यांनी आतून दोन सारखी फुलपात्री आणि एक उंच, निमुळता काचेचा पेला मागविला. दोन्ही फुलपात्रांत पाणी ओतून त्यांनी विचारले, 'दोन्हींत पाणी सारखे आहे का?' मुलीने वाकून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून पाहिले आणि म्हणाली, 'सारखे.' बाईंनी तिच्यादेखत एका फुलपात्रातले पाणी उंच पेल्यात ओतले आणि पुन्हा विचारले, 'आता? सारखे की कमीजास्त?' मुलीने बाईंकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले, आणि म्हणाली, 'पेल्यात जास्त.'

मालतीबाई : पाहिलेत? आकार बदलला म्हणून परिमाण बदलले असे तिला वाटते. जिनीव्हात असो वा सदाशिव पेठेत, त्या वयाचे मूल उंचीला भुलते. १९४१ सालच्या त्यांच्या पुस्तकात हेच...

परंतु रावसाहेबांनी हात वर केला. तीस वर्षांत कोणत्याही मुलाला त्यांनी विचारला नसेल असा एक प्रश्न त्यांनी नातीला विचारला, आणि तोही सुनावणीच्या नव्हे तर निराळ्याच आवाजात.

'का ग? जास्त का?'

'आजोबा,' मुलगी म्हणाली, 'पाणी काही जास्त नाही. बाईंनी ओतले ना, ते तेवढेच आहे. पण मी सारखे म्हटले होते आणि बाईंनी परत तेच विचारले. परत विचारले म्हणजे आपले चुकलेले असते.'

सोप्यात काही क्षण कोणी बोलले नाही. पहिल्यांदा हसल्या त्या मालतीबाई, पण ते हसू जिंकणाऱ्याचे नव्हते.

मालतीबाई : रावसाहेब, माझ्या प्रयोगाची शोभा झाली. एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तकात पियाजे यांच्यावर हाच ठपका ठेवला आहे, की मूल पाण्याचे उत्तर देत नसून विचारणाऱ्याच्या मनातले ओळखू पाहात असते; मोठा माणूस मुद्दाम काही ओततो आणि तोच प्रश्न पुन्हा घालतो, त्याअर्थी काही बदलले असलेच पाहिजे. तेथे एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून मांडणी विस्कटविली, म्हणजे विस्कटणे कोणा मोठ्याच्या हेतूने झाले नाही, तेव्हा तीच मुले पुष्कळ जास्त वेळा बरोबर बोलली. मी ते वाचले होते. वाचूनही आज विचारले ते जुन्याच रीतीने, आणि उत्तर मला हवे तसे आले म्हणताच पुढे विचारायची थांबले. पियाजे यांचा प्रश्न आज आपण विचारलात. मी त्यांचे नुसते कोष्टक भरीत होते.

रावसाहेब उत्तरले नाहीत. त्यांनी मांडीवरली वही उघडली. डाव्या हाताला मुलांची नावे, वये, गावे. पुढे प्रश्नांचे क्रमांक. त्यांखाली बारीक, ताठ अक्षरांत अधिक आणि उणे चिन्हांच्या ओळी, आणि उजव्या टोकाला 'शेरा' असा मथळा असलेला एक रुंद रकाना, जो पानामागून पान उलटले तरी बव्हंशी कोराच होता. एका पानावर त्यांचे बोट थांबले.

रावसाहेब : बाई, कामतांच्या सूचना फार स्पष्ट होत्या. प्रश्न ठरल्या शब्दांत विचारावा, मुलाला सूचक असे काही बोलू नये. मी त्या पाळीत असे. पण खेड्यातले पोर, समोर साहेब, त्याचा आवाज फुटत नसे. उत्तर नीट ऐकू आले नाही की मी म्हणे, 'काय? पुन्हा सांग.' त्यात मला काही गैर वाटत नव्हते. मी दयाळूपणाने विचारीत होतो. ... यांतल्या किती उण्यांना मी दोनदा विचारले होते?

मालतीबाई : तो बहिरा मुलगा मात्र आपल्या आकड्यानेच शाळेत राहिला, रावसाहेब. ते विसरू नका.

रावसाहेब : विसरत नाही. त्याचे पान हे आहे. म्हणूनच वही जाळीत नाही.

त्यांनी माझ्याकडे लेखणी मागितली. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घातली, नातीचे नाव आणि वय लिहिले, आणि तिचे उत्तर शेऱ्याच्या रकान्यात, एकही शब्द न सुधारता, ती बोलली तसे उतरून घेतले. मग चिन्हाच्या रकान्यापाशी आले आणि थांबले.

'येथे काय मांडू, बाई? अधिक की उणे?'

मालतीबाईंनी वही आपल्याकडे वळवून घेतली, उत्तर पुन्हा एकदा वाचले, आणि तितक्याच शांतपणे ती परत केली.

'मला विचारू नका. पुन्हा विचारलेत तर मीही उत्तर बदलीन.'

मुलीने तोवर उंच पेल्यातले पाणी परत फुलपात्रात ओतले होते आणि दोन्ही फुलपात्री शेजारी शेजारी ठेवून, वाकून, कोणी सांगितले नसता, डोळा पाण्याच्या पातळीला आणून ती पाहात होती.